तपकिरी कव्हर

नवरा तिला चारचौघांत चष्मेवाली म्हणायचा, म्हणून त्याच्या मित्रमंडळीतही तिचं तेच नाव पडलं. खरं तर ती स्वतः चष्मा लावत नसे. बाजारपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर काढायची. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला उंच खुर्चीवर बसवायचं, डोळ्यांपुढे जड फ्रेम अडकवायची, तिच्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "पहिली बरी की दुसरी?" दिवसभर हेच. त्या खुर्चीत बसल्यावर भले भले घाबरतात. त्यांना वाटतं ही परीक्षा आहे, उत्तर चुकलं तर बाई ओरडेल. ती म्हणायची, "इथे चूक-बरोबर काही नसतं हो. तुम्हाला जे दिसतं तेच खरं." आणि माणूस आपल्याला खूश करायला बोलतोय असा संशय आला, की गुपचूप काचांचा क्रम बदलून पुन्हा विचारायची. तिच्यापुढे कुणाची थाप टिकत नसे.

घरी मात्र चूक असायची, आणि ती कायम तिचीच असायची.

नवरा रेकॉर्ड्सचा समीक्षक. एका मोठ्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला त्याचा स्तंभ यायचा. अमुक रचनेची बाजारात इतकी रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यांतलं कुठलं घ्यावं आणि कुठल्याच्या वाटेलाही जाऊ नये, हे तो सांगायचा. रोमँटिक काळातले पियानो कॉन्सर्टो हा त्याचा खास प्रांत. एका बाजूला एकटा पियानो, दुसऱ्या बाजूला अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि दोघांनी मिळून ऐकणाऱ्याचं काळीज पिळून काढायचं, असल्या रचनांवर त्याने उभं आयुष्य काढलं. लोक त्याचा स्तंभ कापून, खिशात घालून दुकानात जात. त्याने नाक मुरडलं की ती रेकॉर्ड फडताळात धूळ खात पडे. असा माणूस घरी कसा वागत असेल ते वेगळं सांगायला नको. घरातही तो स्तंभ लिहिल्यासारखाच बोलायचा. आमटीत मीठ कमी असलं तरी ते तीन वाक्यांत आणि शेवटी एक टोमणा मारून सांगायचा.

रविवारी संध्याकाळी त्याच्याकडे दोन माणसं ठरलेली. एक त्याचा शाळेपासूनचा मित्र, दंतवैद्य. दुसऱ्या म्हणजे रेडिओवर संगीताचे कार्यक्रम सादर करणाऱ्या बाई, ज्यांना सगळे रेडिओबाई म्हणत. चहा-बिस्किटं झाली की नवरा हात चोळत उठायचा. "चला, काचांचा खेळ खेळू या." खेळ त्याने बायकोच्या धंद्यावरूनच काढला होता. तो एका घडीच्या पडद्यामागे प्लेअरजवळ बसायचा आणि एकाच कॉन्सर्टोचा एकच तुकडा दोन वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमधून लावायचा. कुठलं कोणाचं, हे कुणालाच सांगायचं नाही. मग पडद्याआडून तिच्या आवाजाची नक्कल करत विचारायचा, "पहिलं बरं की दुसरं?" प्रत्येकाने चहाच्या कपाखालचं कोस्टर उलटायचं. पांढरी बाजू वर म्हणजे पहिलं, काळी म्हणजे दुसरं.

"घरच्या बाईचा मान पहिला," तो म्हणायचा. ती कोस्टर ठेवायची. मग बाकीचे ठेवायचे, आणि त्यांची कोस्टरं नेमकी तिच्या उलटी निघायची. नवरा पडद्यामागून दोन्ही कव्हरं नाचवत बाहेर यायचा. "चष्मेवाली पुन्हा आपटली! अगं, डोळ्यांचे नंबर काढतेस, कानाचा नंबर कधी काढणार?" दंतवैद्य हसायचा, रेडिओबाई हसायच्या, आणि पाहुण्यांसमोर तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही म्हणून तीही हसायची.

त्यात एक कॉन्सर्टो त्याचा सगळ्यात आवडता होता आणि खेळात तो सारखा यायचा. त्याची त्याच्याकडे डझनावारी रेकॉर्डिंग्ज. त्यांतलं एक चंदेरी कव्हरचं, जगभर गाजलेल्या पियानिस्टचं. एक सूर इकडचा तिकडे नाही, सगळं स्वच्छ धुतलेलं. त्याच्या स्तंभानुसार तेच सर्वोत्तम. आणि एक तपकिरी कव्हरचं, कुठल्याशा लहान गावच्या ऑर्केस्ट्राचं, पियानोवर एक बाई, जिचं नाव पुढे कुणी ऐकलं नाही. ते मैफलीतच रेकॉर्ड केलेलं, मधे कुणीतरी खोकलेलंही ऐकू यायचं. पण मधल्या संथ भागात ओबो, म्हणजे तिकडची सनईच, एकटाच वाजतो आणि मग पियानो यायचा असतो, तिथे ही बाई थांबायची. ओबोवाल्याचा श्वास पुरा संपू द्यायची आणि मगच पहिला सूर लावायची, तोही इतका हळू की तो आत्ताच लागला की मघापासून होता, ते कळू नये. त्या जागी, कव्हर दिसत नसलं तरी, चष्मेवालीचा हात आपोआप त्याच बाजूला जायचा.

"ओला रुमाल!" नवरा ओरडायचा. त्या रेकॉर्डिंगला त्याने स्तंभात ठेवलेलं नाव ते. रडक्या बाईचा ओला रुमाल. "इतकी वर्षं माझ्या घरात राहूनही हिला ओला रुमालच लागतो!"

कितीदा तरी तिने ठरवलं, आज मुद्दाम उलटं करायचं. ते थांबणं ऐकू आलं की दुसऱ्याला मत द्यायचं आणि सुटायचं. पण कोस्टरपर्यंत हात गेला की तो खोटं बोलायला तयार नसे. दुकानात दुसऱ्यांची थाप चालवून घेत नव्हती, त्याची ही शिक्षा. मात्र मनातून तिने मान्य करून टाकलं होतं, की आपल्याला कळत नाही. आणि एकदा एका गोष्टीत असं मान्य केलं, की ते तिथेच थांबत नाही. पडद्याचं कापड घेताना, साडीचा रंग ठरवताना, पाहुण्यांसमोर एखाद्या सिनेमाला चांगला म्हणताना ती आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. दिवसभर लोकांना "तुम्हाला दिसतं तेच खरं" सांगणारी बाई घरी पाऊल टाकल्यावर आंधळी व्हायची.

एके दिवशी सकाळी दाढी करता करता नवरा मोरीत कोसळला. मेंदूत रक्ताची गुठळी. जीव वाचला, पण हात, पाय, जीभ, सगळं गेलं. उरले ते फक्त डोळे आणि पापण्या. मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "एक लक्षात ठेवा. त्यांना सगळं कळतं आणि सगळं ऐकू येतं. आतला माणूस होता तसाच आहे. संगीताचे शौकीन होते ना? मग त्यांच्या आवडीचं लावत जा. आता त्यांना तेवढंच सुख."

पलंग दिवाणखान्यात आणला, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध. दिवसा एक सिस्टर यायची. संध्याकाळी दुकानातून आल्यावर चष्मेवालीने हात साबणाने दोनदा धुतले आणि लग्नानंतर पहिल्यांदा रेकॉर्डच्या कपाटाला हात लावला. इतके दिवस त्याला हात लावायची तिला बंदी होती. बोटांचे ठसे उठतात म्हणे. तिने अर्थातच चंदेरी कव्हर काढलं. सर्वोत्तम ते. सुई टेकवली आणि तोंडाकडे बघत उभी राहिली. तो भराभर पापण्या मिटू लागला. कपाळावर शीर उठली. "साहेबांना त्रास होतोय ताई, बंद करा," सिस्टर म्हणाली. झालं. ह्याही वेळी आपलं चुकलं, असं म्हणत तिने प्लेअर बंद केला.

पण ह्या वेळी तिला नुसतं चुकून चालणार नव्हतं. माणूस अंथरुणाला खिळलेला, सुख म्हणून एकच शिल्लक, आणि ते ह्या कपाटात कुठे आहे ते शोधणारं तिच्याशिवाय कुणी नाही. मग तिला आपला धंदा आठवला. ती पलंगापाशी खुर्ची ओढून बसली आणि दुकानातल्या आवाजात म्हणाली, "अहो, हे बघा. मी एकाच कॉन्सर्टोची दोन-दोन लावते. पहिलं बरं वाटलं तर एकदा पापणी मिटा, दुसरं वाटलं तर दोनदा. घाई नाही. तुम्हाला वाटतं तेच खरं." शेवटचं वाक्य सवयीने तोंडून गेलं.

त्याच्याच आवडत्या कॉन्सर्टोपासून सुरुवात केली. दोनातलं एक बाद, उरलेल्यापुढे तिसरं. पापण्या स्पष्ट उत्तर द्यायच्या. सराईत गिऱ्हाइकापेक्षाही स्पष्ट. पुढच्या संध्याकाळी मैदानात दोनच उरली. पहिलं चंदेरी, दुसरं तपकिरी. तिने मधला संथ भाग लावला. त्याने पापण्या दोनदा मिटल्या.

तिला वाटलं, थकला असेल. क्रम बदलला. आधी तपकिरी, मग चंदेरी. एकदा. तिने शेवटचा धावता भाग लावून बघितला, पहिला दणदणीत भाग लावून बघितला, क्रम उलटसुलट केला, मधे चहा केला आणि परत विचारलं. दर वेळी तपकिरी. आणि जेव्हा शेवटी तिने तेच संथ थांबणं पूर्ण वाजू दिलं, तेव्हा त्याने डोळे मिटले, ते मिटलेलेच ठेवले आणि दोन्ही कडांमधून पाणी ओघळून उशीवर गेलं. त्या क्षणी तिला त्याचा राग आला नाही हे आवर्जून सांगायला हवं. उलट वाटलं, बघा, आजाराने का होईना, माणूस माझ्या बाजूला आला. वेडी कुठली.

रविवारी दंतवैद्य भेटायला आला. आजारी मित्राच्या हातावर थोपटून झालं, हवापाण्याचं बोलून झालं, आणि तो तिच्या मागे स्वयंपाकघरात आला.

"भाऊजी, एक विचारू?" ती म्हणाली. "ते ओला रुमाल... ह्यांना ते आवडतं का हो?"

दंतवैद्याने तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"हेच म्हणाले. पापण्यांनी."

"अरे बापरे." तो हसला, मग हसू आवरलं, मग ओट्याला टेकून उभा राहिला. "वहिनी, आता काय लपवायचं. त्याचा जीव आहे त्या रेकॉर्डवर. मी एकदा दुपारी न सांगता टपकलो होतो, तुम्ही दुकानात होतात. हा पठ्ठ्या सोफ्यावर बसून तेच ऐकत होता आणि ढसाढसा रडत होता. मला म्हणाला, कुठे बोललास तर बघ."

"मग वाईट का म्हणायचे?"

"अहो, तो पार नवा होता तेव्हा. पहिलाच मोठा लेख. घाईघाईत अर्धंमुर्धं ऐकलं, वाजवणारी बाई कुठल्या गावची कोण, दिलं ठोकून. आणि तो ओला रुमाल नेमका लोकांच्या तोंडी बसला! त्यावरच तर त्याचं नाव झालं. पुढे नीट ऐकलं तेव्हा कळलं काय ते. पण शब्द मागे घेणाऱ्यातला तो आहे का? आणि घरात तुम्ही. संगीताचा ओ की ठो माहीत नाही, आणि दर वेळी नेमका तिथेच हात. ते त्याला झोंबायचं हो."

"आणि तुम्ही? रेडिओबाई?"

"आम्ही काय..." तो खिडकीबाहेर बघू लागला. "तुम्ही जे कराल त्याच्या उलट करायचं, एवढंच ठरलेलं होतं. आपली गंमत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं." मग काहीतरी भेट द्यावी तसा म्हणाला, "खरं सांगू का वहिनी, आमच्यापेक्षा तुमचाच कान चांगला."

तिने त्याला आणखी बिस्किटं दिली. दारापर्यंत पोचवायला गेली. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात जेवढं रडता येईल तेवढं रडून घेतलं. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली असती तर ती एकवेळ सावरली असती, अशा गोष्टींना निदान नाव असतं. ह्याने तिच्या डोक्यातून तिचं म्हणणंच काढून घेतलं होतं, आणि वर पाहुण्यांना चहा करायला लावला होता. पडद्याचं कापड आठवलं. सिनेमे आठवले. दुकानातल्या मुली एकदा जेवायला जाऊ या म्हणाल्या तेव्हा "ह्यांना विचारून सांगते" म्हणालेलं आठवलं. रडणं थांबलं तेव्हा तिच्या अंगात एक थंडगार हुशारी आली होती.

संध्याकाळी ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली. नवऱ्याचे डोळे लकाकले. ही ती वेळ होती, ज्याची तो दिवसभर वाट बघायचा. तिने आधी तपकिरी लावलं, मग चंदेरी. "पहिलं बरं की दुसरं?"

एकदा, ठामपणे.

"चूक," ती म्हणाली.

त्याला समजलं नाही. त्याने पुन्हा एकदा पापणी मिटली.

"चूक हो. अजून ओला रुमालच लागतो का तुम्हाला?" तिने मांडीवरचं कात्रण उघडलं. त्याचाच स्तंभ, त्याच्याच फायलीतून काढलेला. तिने तो सावकाश, एकही शब्द न गाळता मोठ्याने वाचला. ह्या बाईला पियानो वाजवायचा आहे की शोकसभा भरवायची आहे, असा त्यात एक प्रश्न होता. तिथे थांबून तिने वर बघितलं. मग चंदेरी रेकॉर्ड पहिल्यापासून लावली आणि भाजी निवडायला आत गेली. आवाज मात्र वाढवून गेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. विचारायचं, उत्तर घ्यायचं, चूक म्हणायचं, चंदेरी लावायचं. तपकिरीचा तेवढा एक घास तोंडाशी न्यायचा आणि काढून घ्यायचा. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा सिस्टर जरा उशिरापर्यंत थांबली होती, तिने ते हळूच टिपलं आणि म्हणाली, "साहेबांना किती आवडतं बघा ना ताई. तुमच्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं." चष्मेवालीने तिला जाताना घरचा लाडू दिला. तिला ह्या सगळ्यात आनंद होत होता. उगीच दुसरं काही म्हणायला नको. दुकानातून घरी येताना तिची पावलं भराभर पडायची, आणि आरशात बघितलं तर चेहऱ्यावर तजेला आलेला असायचा.

मग तिने रविवारही सुरू केले. दंतवैद्याला आणि रेडिओबाईंना फोन केला, "या हो, ह्यांना तेवढंच बरं वाटतं." पडदा मांडला, कोस्टरं मांडली. पडद्यामागे ती बसली. दोन्ही तुकडे वाजवून झाल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "आजाऱ्याचा मान पहिला."

नवऱ्याने पापणी मिटली. तपकिरी.

"आता तुम्ही. उलट करायचं, एवढंच."

रेडिओबाईंनी सवयीने कोस्टर उलटवलं सुद्धा. दंतवैद्याच्या हातातलं कोस्टर हातातच राहिलं. "वहिनी, पुरे. त्याला समजतंय सगळं."

"समजतंय म्हणून तर. गंमत आहे हो भाऊजी, कुणाच्या मनात वाईट नाही." तिने चहाचा ट्रे त्याच्यापुढे धरला आणि तशीच उभी राहिली. ट्रेवरचे कप जरासुद्धा हलत नव्हते. दंतवैद्याने मित्राकडे न बघता कोस्टर उलटं ठेवलं. ही शूर मंडळी आधीही अशीच होती. तेव्हा नवऱ्याच्या बाजूने होती, आता तिच्या.

"साहेब पुन्हा आपटले!" ती म्हणाली, आणि रेडिओबाई हसल्या. त्यांचा दोष नाही, इतक्या वर्षांत त्या वाक्यानंतर हसायचं त्यांना वळणच पडलं होतं.

सुरुवातीला नवऱ्याचे डोळे पेटायचे. पापण्या अशा आपटायचा की सिस्टरला औषधाची शंका यायची. मग राग ओसरला आणि विनवणी आली. मग तीही ओसरली. उत्तर द्यायला वेळ लागू लागला. आधी दोन तुकडे ऐकताना तो डोळे मिटून घेई, आता उघडे ठेवू लागला. चंदेरी वाजताना तिच्याकडे बघायचा, तपकिरी वाजताना तिच्याकडे बघायचा. दुकानातल्या त्या उंच खुर्चीवर बसून घाम पुसणारी माणसं तिने जन्मभर पाहिली होती. कुठला माणूस अक्षरं वाचतोय आणि कुठला तिचा चेहरा, हे तिला अंधारातही कळायचं. तिला कळत होतं की हा आता चेहरा वाचतोय. तिने मनाशी ठरवून टाकलं, एकदा ह्याने हार मानली की झालं. त्याच दिवशी खेळ बंद. मग मी त्याला तपकिरी लावून देईन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेजारी बसून मीही ऐकेन. एवढ्या वर्षांत आम्ही ते एकत्र असं कधी ऐकलंच नाही. असा विचार केला की तिला स्वतःचं मन मोठं वाटायचं.

तो रविवार आला. पाहुणे बसले होते. तिने आधी तपकिरी लावलं, मग चंदेरी. बाहेर येऊन उभी राहिली. नवरा कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने चेहरा कोरा ठेवला. त्याने एकदा पापणी मिटली. थांबला. मग दुसऱ्यांदा मिटली.

"बरोबर!" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "अगदी बरोबर! चंदेरीच!"

रेडिओबाईंनी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्यानेही दोन-तीन वाजवल्या आणि काम आहे म्हणून उठला. नवऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. शाबासकी मिळाल्यावर माणसाच्या डोळ्यांत येतं ते. तो खूश झाला होता. तिला वाटलं होतं हा लबाडी करतोय, सुटका करून घ्यायला खोटं बोलतोय. तसं असतं तर तिने ओळखलं असतं. पण तो खोटं बोलत नव्हता.

पाहुणे गेले. तिने ठरवल्याप्रमाणे केलं. तपकिरी कव्हरमधून रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली, सुई अगदी सुरुवातीला टेकवली. "आता खेळ नाही हं," ती म्हणाली. "कुणी काही विचारणार नाही. नुसतं ऐकायचं." खुर्ची पलंगाला चिकटवून बसली आणि त्याचा हात हातात घेतला. हात जड आणि कोमट होता.

पहिला भाग दणदणत गेला. त्याचे डोळे उघडेच होते, तिच्यावर. तिने हसून बघितलं, तशा त्याच्या पापण्या घाबरून फडफडल्या. हसणं म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, एवढंच त्याला आता कळत होतं. तिने हसू आवरलं आणि चेहरा गंभीर केला. ते तर त्याला आणखीच भयंकर वाटलं असावं. "अहो, हे चांगलं आहे," ती म्हणाली. "हेच चांगलं आहे. तुम्हाला आवडतं ना हे?" त्याने एकदा पापणी मिटली आणि तिला ते पटतंय का बघितलं. मग घाईघाईने दोनदा मिटली. मग परत एकदा. कुठलं उत्तर हवंय ते तिने सांगावं म्हणून तो तिच्याकडे डोळे लावून राहिला.

तिला ते डोळे ओळखीचे होते. ती पडद्याचं कापड हातात धरून अशीच बघायची.

त्याचा चेहरा निवळतो का, डोळे मिटतात का, एवढंच ती बघत राहिली. काय बोललं म्हणजे तो पुन्हा ऐकायला लागेल ते तिला सुचेना. बोलायला तोंड उघडलं की तो आणखी घाबरायचा. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम लक्षात आलं की स्पीकरमधून नुसती खरखर येतेय. रेकॉर्ड संपली होती. संथ भाग केव्हा आला, ओबोनंतर ती बाई थांबली की नाही, तिने काहीच ऐकलं नव्हतं.

आत आवराआवर करायला थांबलेली सिस्टर चपला घालता घालता दारातून डोकावली. "संपलं का ताई? आज कुठलं लावलंत? छान होतं का?"

चष्मेवालीने नवऱ्याकडे बघितलं. नवरा तिच्याकडेच बघत होता.

"मला नाही बाई कळलं," ती म्हणाली.